आरोग्य समितीच्या बैठकीला गाव का येत नाही?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण आरोग्यसेवेच्या दुरवस्थेविषयी आपल्या वृत्तपत्रात सातत्याने लिहिले जाते. डॉक्टरांची रिक्त पदे, आरोग्य केंद्रात न मिळणारी औषधे, वेळेवर न पोहोचणारी रुग्णवाहिका हे प्रश्न खरे आहेत आणि ते मांडलेच पाहिजेत. बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून नोकरीचा सगळा काळ काढून मी आता निवृत्त झाले आहे. या चर्चेत क्वचितच येणारी एक बाब आपल्या वाचकांपुढे ठेवावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. गावच्या आरोग्य समितीची बैठक कागदावरच का राहते, हा प्रश्नही तिच्याशीच जोडलेला आहे. ज्या गावात लोक एकमेकांच्या घरी जातात-येतात, एकमेकांचे ऐकतात आणि सार्वजनिक काम आपले मानतात, तिथे तुटपुंजी आरोग्यसेवाही बऱ्यापैकी पुरी पडते. ज्या गावात गल्लीला गल्ली बोलत नाही, तिथे नवी इमारत, नवी यंत्रे आणि पुरेसे कर्मचारी असूनही तीच दुखणी वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहतात. हा फरक मी कामाच्या निमित्ताने सतत पाहिला आहे आणि तो औषधांच्या पुरवठ्याने भरून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे.

डेंग्यूचेच पाहा. या रोगाचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून कोरडा दिवस पाळला की त्याची पैदास थांबते. उपाय इतका साधा आणि जवळजवळ फुकटचा आहे. परंतु तो एकट्यादुकट्याने करून चालत नाही, कारण हा डास फार लांब उडत नसला तरी चार घरे सहज ओलांडतो. आमच्या भागात कित्येक गावांना नळाचे पाणी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात तर त्याहूनही उशिरा येते, त्यामुळे दारोदारी बॅरल, रांजण आणि सिमेंटच्या टाक्या भरलेल्या असतात. ते पाणी ओतून द्या, असे पाण्यासाठी तिष्ठणाऱ्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचे? तिच्या टाकीला घट्ट झाकण हवे, तिच्या शेजारणीच्याही टाकीला हवे, आणि आपण कोरडा दिवस पाळला तर समोरचाही पाळेल, हा भरवसा त्या दोघींना हवा.

एका गावात कंटेनर सर्वेक्षण, म्हणजे घरोघरच्या साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का याची पाहणी, करताना मी एका अंगणातल्या हौदात बॅटरीचा झोत टाकला, तेव्हा पाण्याच्या वरच्या थरात अळ्यांची वळवळ स्पष्ट दिसत होती. घरच्या कर्त्या माणसाने ती पाहिली आणि शांतपणे सांगितले, की आमच्यात कोणी आजारी नाही. तापाने फणफणलेले मूल दोन घरे सोडून होते आणि त्या दोन घरांचा बांधावरून वाद असल्यामुळे बोलणे बंद होते. मी अबेट या अळीनाशकाचे द्रावण टाकले, माहिती सांगितली, नोंद केली आणि निघाले, तेव्हा माझे कागदावरचे काम पूर्ण झाले होते. त्याच हंगामात जवळच्या दुसऱ्या गावात बचत गटाच्या बायकांनी आपसांत ठरवून वार नेमला, कुणाच्या टाकीला झाकण नाही ते पाहिले, जुन्या धोतराची आणि साड्यांची फडकी बांधून टाक्या झाकल्या आणि सार्वजनिक आडात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडले. तिथे मला फक्त मासे पोहोचवावे लागले. पहिल्या गावाने धूरफवारणीची मागणी लावून धरली आणि ती मान्यही झाली. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. तरीही फवारणी लोकांना हवी असते, कारण तिच्यासाठी शेजाऱ्याशी बोलावे लागत नाही.

रोगाशी लढायला गावाचा विश्वास लागतो, हे महाराष्ट्राने फार पूर्वी मोठी किंमत मोजून पाहिले आहे. 1897 मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सरकारने घरांची झडती घेण्यासाठी सैनिक नेमले. रोगी शोधून वेगळे ठेवणे शास्त्राला धरूनच होते, पण ते ज्या पद्धतीने झाले त्यामुळे लोक रोगी लपवू लागले आणि त्या संतापाची परिणती त्या वर्षीच्या जून महिन्यात प्लेग बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी रँड यांच्या हत्येत झाली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव रोग्यांची शुश्रूषा करीत होते, आणि ते करतानाच 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाईंचे प्लेगने निधन झाले. रोगी लपवणारे घर कोणाच्या हाकेला दार उघडते, हे आरोग्य खात्यातल्या प्रत्येकाने त्या दोन उदाहरणांवरून समजून घ्यायला हवे.

आमच्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले. तेव्हा त्या परिसरात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे 176 बालके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. दोघेही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर होते, त्यांना मोठे रुग्णालय बांधून बसता आले असते. रुग्णालय त्यांनी चालवलेच, पण त्याआधी गावे एकत्र कशी येतील याचा विचार केला. तरुण पुरुषांना जमवण्यासाठी व्हॉलीबॉलचे खेळ सुरू झाले. खेळानंतर होणाऱ्या गप्पांतून पाणी, शेती, जनावरे, मुलांचे जुलाब हे विषय निघू लागले आणि त्यातून शेतकरी मंडळे उभी राहिली. पुढे महिला मंडळे झाली. आरोग्याचा कार्यक्रम म्हणून व्हॉलीबॉलला आज कोणत्या आराखड्यात निधी मिळेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

प्रशिक्षित परिचारिका बाहेरून आणून खेड्यात ठेवण्याचा प्रयत्न फारसा जमला नाही, तेव्हा गावातल्याच बाईला गावानेच निवडावे, असे ठरले. त्या बायका बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या होत्या, काही परित्यक्ता आणि विधवा होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, चित्रांवरून, गाण्यांवरून आणि एकमेकींच्या अनुभवावरून शिकत आणि गावी परत जाऊन ते दहा घरी सांगत. जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, गरोदर बाईची तपासणी कशी करायची, कुष्ठरोगाचा चट्टा कसा ओळखायचा, हे त्यांनी आत्मसात केले. 1976 पर्यंत तिथला बालमृत्यूदर हजारी पन्नासच्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटनेने या कामाची दखल घेतली, 1978 च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेचा जो विचार मांडला गेला त्यामागे जगभरच्या अशाच प्रयोगांचा अनुभव होता, आणि 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला या कथेतला पुरस्कारापेक्षा मोलाचा वाटणारा भाग वेगळा आहे. दुष्काळात विंधन विहिरी घेण्याची वेळ आली, तेव्हा आरोळे यांनी त्या दलित वस्तीत घेतल्या जातील असे पाहिले. पाणी लागले आणि गावातल्या इतरांना हंडे घेऊन त्या वस्तीत यावे लागले. ज्या वस्तीची सावलीही टाळली जात होती, तिथे रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्या जातींच्या बायका रांगेत उभ्या राहू लागल्या. जुलाबांच्या साथी कमी होण्यात शुद्ध पाण्याचा वाटा उघडच आहे, पण पुढे त्याच वस्तीतली बाई आरोग्य कार्यकर्ती म्हणून सवर्णाच्या घरात बाळंतिणीजवळ बसू शकली, यात त्या रांगेचाही वाटा होता, असे मी मानते.

हे मुद्दाम सांगते, कारण एकोप्याची भाषा आपल्याकडे फार सोयीने वापरली जाते. गाव एक आहे असे म्हणताना वेशीबाहेरची वस्ती त्यात धरलेलीच नसते, असा माझा अनेक गावांतला अनुभव आहे. लसीकरणाचे सत्र मारुतीच्या देवळात ठेवले की काही घरांतली बाळे येत नाहीत आणि न येण्याचे कारण कोणी उघड बोलत नाही. जातपंचायतीही एकोप्याच्या नावाखालीच माणसाला वाळीत टाकतात. त्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा करावा लागला, तो 2017 पासून लागू आहे. जातीपुरती, भावकीपुरती किंवा पक्षापुरती जवळीक ज्या गावात घट्ट आहे, तिथे रोगाविरुद्धची फळी कच्चीच राहते. रोगजंतूला भावकी कळत नाही आणि पाण्याची पाइपलाइन फुटली की ती सगळ्यांच्याच घरात घाण नेते. म्हणून मी ज्या एकीविषयी लिहीत आहे तिची पहिली कसोटी ही, की गावातली सर्वांत दुबळी वस्ती बैठकीत कुठे बसते आणि बोलते का.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने केलेले कामही याच वाटेवरचे आहे. गावातल्या बाईला नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण देऊन, घरोघरी भेटी देऊन त्यांनी नव्वदच्या दशकात नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून कमी केले आणि पुढे केंद्र सरकारने 2011 मध्ये तीच पद्धत देशभर स्वीकारली. त्याच जिल्ह्यात लोकांच्या चळवळीतून 1993 मध्ये दारूबंदी झाली. त्या आंदोलनाला गावोगावच्या बायकांचे बळ होते.

आज त्याच पद्धतीने आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती झोळीच्या काट्याने बाळाचे वजन करते, काखेत थर्मामीटर ठेवते, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजते. श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले तर बाळ तातडीने हलवायचे असते. हे सगळे ती बिनचूक शिकलेली असते. परंतु बाळाला बाहेर न्यायचे की नाही, हे ती ठरवत नाही आणि पुष्कळदा बाळाची आईही ठरवत नाही. सासू म्हणते की सव्वा महिना झाला नाही, बाळ उंबऱ्याबाहेर जाणार नाही. अशा वेळी शेजारची एखादी जाणती बाई आत येऊन म्हणते, 'आक्का, माझ्या नातीला असंच झालं होतं, नेलं म्हणून वाचली, चला मी येते संगती', आणि पाच मिनिटांत बाळ दुपट्यात गुंडाळून निघते. मी अशा प्रसंगी कित्येकदा त्या घरात उभी राहिले आहे. माझ्या पदवीने आणि सरकारी कार्डाने जे झाले नसते, ते त्या शेजारणीच्या शब्दाने झाले. ती शेजारीण त्या घरात येत-जात असणे, ही आरोग्यव्यवस्थेचीच गरज आहे आणि तिची नोंद कोणत्याही अहवालात नसते.

ही येजा तुटते तेव्हा काय होते, हे आमच्या ऊसतोड कुटुंबांकडे पाहिल्यावर कळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात आणि अर्धे गाव रिकामे होते. मागे म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले उरतात. पुढे गेलेल्या गरोदर सुनेची आशा इथे, अंगणवाडी इथे, सासू इथे, आणि ती पाचटाच्या कोपीत. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या त्या बाईच्या अंगावर सूज आली, रक्त कमी झाले, तर ते ओळखणारी आणि तिच्या वतीने बोलणारी बाई तिथे नसते. मुकादमाला दिवसाचा खाडा नको असतो. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि चौकशी समिती नेमली गेली. त्या प्रश्नाला मजुरीच्या पद्धतीपासून नफेखोरीपर्यंत अनेक बाजू आहेत. पण पांढरे जाते, पोट दुखते, हे विश्वासाने बोलण्यासाठी चार जणी जवळ असत्या आणि पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या असे सांगणारे कोणी असते, तर काही बायकांचे शरीर वाचले असते, असे मला मनापासून वाटते. कारखान्याच्या फडावरच्या तळांवर मजुरांच्या बायकांची आरोग्य समिती असावी आणि तिथल्या आशेने गावच्या आशेशी संपर्क ठेवावा, ही मागणी मी यानिमित्ताने जाहीरपणे करते.

मागे राहिलेल्या वृद्धांची अवस्था निराळी नाही. रक्तदाबाची गोळी संपली तरी आणायला कोणी नाही, म्हणून ती बंद होते, आणि मग एके दिवशी तोंड वाकडे झाल्याचा फोन मुलाला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सहांपैकी एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले आहे आणि दर वर्षी सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यूंचा संबंध एकाकीपणाशी जोडला आहे. आपण हा शहरांचा आणि श्रीमंत देशांचा रोग समजत होतो. बंद घरांच्या रांगेत एकटीने राहणारी आजी आता खेड्यातही आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा गावपातळीवर आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेसाठी समिती असावी, तिने दर महिन्याला बसावे आणि तिच्या हाती वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंतचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे समितीनेच खर्च करायचा, निधी असावा, अशी तरतूद झाली. कल्पना उत्तम होती, आजही आहे. ग्रामपंचायत सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या महिला एकत्र बसल्या तर गावाचे निम्मे आजार तिथेच अडवता येतात. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या बहुतेक गावांत या समितीचे रजिस्टर घरोघरी फिरते. आशाताई दुपारच्या उन्हात एकेका सदस्याची सही गोळा करते, मागच्या महिन्याचा ठराव या महिन्यात उतरवला जातो, आणि निधी आलाच तर तो कशावर खर्च झाला हे दोन माणसांखेरीज कोणाला माहीत नसते. याचा दोष आशाताईंना देणे अन्यायाचे आहे. बैठक दुपारी ठेवली तर लोक शेतात असतात, ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली तर वस्तीतल्या बायका येत नाहीत, आणि आलेल्यांनी काही सुचवले तर त्याचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी सांगत नाही. दोनदा असे झाले की तिसऱ्यांदा माणूस येत नाही.

लोकांवर जबाबदारी टाकून सरकारला मोकळे करण्याचा हा विचार आहे, अशी शंका काहींना येईल. ती रास्त आहे आणि तिचे उत्तर आपल्याच राज्यात आहे. 2007 पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. गावकऱ्यांनी स्वतः आपल्या आरोग्य सेवेचे मूल्यमापन करून हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत प्रगतिपत्रके तयार केली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ठेवली. जे गाव एकत्र बसते, तेच गाव डॉक्टर का येत नाही हे विचारू शकते. एकट्या रुग्णाच्या नातेवाइकाची तक्रार भांडण ठरते, चाळीस जणांच्या सहीनिशी ग्रामसभेत मांडलेला ठराव दप्तरात नोंदवावा लागतो. माझ्याच उपकेंद्राच्या दारात मला प्रश्न विचारणारी गावे होती. त्यांच्यामुळे मला वरून औषधे मिळवणे सोपे गेले, हे मी कृतज्ञतेने सांगते.

म्हणून माझी जिल्हा परिषदेला विनंती आहे, की आरोग्य समितीची बैठक दर महिन्याला संध्याकाळी, जेवणाआधी, आणि प्रत्येक वेळी निराळ्या वस्तीत घेण्याचा नियम करावा, निधीचा हिशेब फलकावर लिहावा आणि सही गोळा करून झालेली बैठक बैठक मानू नये. ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेण्याची तरतूद कायद्यात आहेच. तिच्या विषयपत्रिकेवर पाणी, डास, बाळंतिणी आणि एकटे राहणारे वृद्ध हे चार विषय कायमचे असावेत. सुशिक्षित तरुणांना, विशेषतः पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्यांना, माझे सांगणे आहे, की यात्रेला गावी येता, वर्गणी सढळ हाताने देता, तसे एखाद्या समितीच्या बैठकीलाही येऊन बसा. देवळाच्या कळसासाठी गोळा होणारी रक्कम आणि आरोग्य समितीचा वर्षाचा निधी यांतले अंतर मी लिहायला नको, ते सर्वांना ठाऊक आहे.

संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. रुग्णालयात गोंधळ झाला की आपला तालुका वार्ताहर तातडीने पोहोचतो आणि ते योग्यच आहे. त्याने महिन्यातून एकदा आपल्या भागातल्या एखाद्या गावात जाऊन आरोग्य समितीची मागची बैठक कोणत्या तारखेला, कोणाच्या दारात झाली, किती बायका बोलल्या आणि काय ठरले, एवढेच विचारावे व ते गावाच्या नावासह छापावे. ज्या गावांत बैठक खरोखर झाली असेल त्यांचीही नावे आवर्जून छापावीत. पुढचा अंक हातात पडला, की शेजारचे गाव आपले रजिस्टर उघडून पाहील, याची मला खात्री आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
जि. बीड